धुरा नसलेलं वावर

पोळा झाला, गणपती उठले, की आमच्या घराला कुलूप लागायचं. कुलूप लावून राखावं असं आत काही नव्हतं. टिनाची एक खोली, मातीच्या भिंती, त्यातल्या एका भिंतीला दर पावसाळ्यात ओल येऊन पोपडे सुटलेले. तरी माय कुलूप लावायची, दोनदा ओढून पाहायची आणि किल्ली पदराला बांधायची. आम्हाला वावर, म्हणजे स्वतःचं शेत, नव्हतं. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ज्यांना वावर नाही त्यांनी त्या दिवसांत घरी बसून करायचं तरी काय? दुसऱ्यांचं सोयाबीन पिवळं पडलं की आम्ही सोंगणीला, म्हणजे कापणीला, निघायचो आणि दिवाळीच्या तोंडावर परत यायचो.

निघायचो म्हणजे बिऱ्हाड उचलून निघायचो. एक ताडपत्री, चार बांबू, पिठाचा डबा, तवा, परात, पाण्याच्या कॅन, अंथरुणाचं गाठोडं आणि प्रत्येकाचा इळा. सगळे ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्या मालगाडीत हे भरायचं आणि त्यावर आम्ही बसायचं. आमची टोळी होती. बाबा टोळी चालवायचे. त्यात आम्ही, काका-काकू आणि गावातली आणखी चार घरं. वावर गुत्त्यानं घ्यायचं, म्हणजे किती दिवस लागले ते आपलं आपण पाहायचं, मालकाला फक्त सोंगून द्यायचं. वावराच्या कोपऱ्यात ताडपत्रीचं पाल टाकायचं, तेच घर. एक वावर झालं की पाल उचलून दुसऱ्या शिवारात. रिठद, केनवड, त्या अंगाची कितीतरी खेडी मला रस्त्यावरून माहीत नाहीत, वावरांवरून माहीत आहेत.

पुढे वाशीमच्या कॉलेजात असताना वर्गातल्या एका मुलीनं मला मोबाइलवर फोटो दाखवले. ती घरच्यांबरोबर कुठल्याशा धरणावर तंबूत राहून आली होती. तिनं विचारलं, "तू राहिलीस का गं कधी तंबूत?"

मी म्हटलं, "दरवर्षी."

"महाग पडतं ना?"

"नाही," मी म्हटलं. खोटं काहीच बोलले नव्हते.

पालातला दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. सोयाबीनच्या शेंगा वाळल्या की उन्हात तडकतात, दाणे मातीत जातात, म्हणून दवात सोंगावं लागतं. शेंगांची टोकं सुयांसारखी. डाव्या हातात जुना मोजा घालायचा, बोटांची टोकं कापलेला, कारण मोज्यातून मूठ नीट धरली जात नाही. चार दिवसांनी मोज्याची जाळी होते. काकू तव्यावर भाकरी टाकत असायची आणि वानरं बाभळीवर बसून तिच्याकडे पाहत असायची. एकदा एकानं अख्खी चवड उचलली. काकू त्याच्यामागं उलथणं घेऊन धावली आणि वावराच्या कडेवरून ओरडली, "मेल्या, ठेचा तरी ने संगं!" तो आठवडाभर तिचा विनोद झाला.

ऊन चढलं की सोंगणी थांबायची. मग अंघोळ. विहिरीवर लाइन, म्हणजे वीज, असली तर मोटार चालू असायची, तिथं साडीचा आडोसा धरून बायांनी एकेक करून उरकायचं. मोबाइल मोटारीच्या पेटीत चार्जिंगला लावायचे. दुपारी बेसन-भाकरी, कधी अंबाडीची भाजी, नाल्याच्या काठाला सीताफळं. चारनंतर सोंगलेलं गोळा करायचं आणि एका जागी रचायचं. त्या ढिगाला आमच्याकडे सुडी म्हणतात. सुडीवर ताडपत्री टाकायची, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला दगड. पुढे मळणीचं यंत्र, म्हणजे हडंबा, आला की आमचं काम संपलं.

हे सगळं मी शाळेत असल्यापासून करत होते. शाळेत त्या दिवसांत माझी गैरहजेरी लागायची, ती कुणी विचारायचं नाही. वर्गातली निम्मी पोरं सोंगणीला असायची.

बाबांची एक पद्धत होती. पहिला इळा लावायच्या आधी ते मालकाला सोबत घेऊन सगळ्या धुऱ्यानं एक फेरा मारायचे. धुरा म्हणजे वावराचा बांध, एकाचं कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं ती जागा. मालक कंटाळायचे. कुणी म्हणायचं, "बापा, लग्नात सात फेरे झाले नाहीत काय तुये? बाकीचे माह्यासंगं घेऊन राह्यला का?" बाबा हसायचे, पण फेरा मारायचेच. फेरा झाल्यावर ते येऊन सांगायचे, "या बोरीपासून त्या दगडापावतर. त्याच्या पल्याड पाय टाकाचा नाही." मग आम्ही पात धरायचो. पात म्हणजे ओळीनं उभं राहून प्रत्येकानं आपापली तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, सोंगत जाणं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेले त्या उन्हाळ्यात बाबा काविळीनं गेले. आधी गावात औषध घेतलं, मग वाशीमला, मग अकोल्याला. अकोल्याहून परत आणलं ते तसंच.

मला बरेच दिवस काही वाटलं नाही. गरम चहानं जीभ पोळली की दोन दिवस कशाचीच चव लागत नाही, तसं. लोक म्हणाले, पोरीनं धक्का घेतला, तिला रडवा. काकूनं मला रडवायचा प्रयत्नही केला. मी तिला चहा करून दिला. मायनं तेराव्यानंतर बाबांचा इळा दगडावर घासून धार लावून ठेवला. कुणासाठी, ते ती बोलली नाही.

बोलणं झालं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काका ओट्यावर येऊन बसले. टोळीतली बाकीची माणसंही होती. काका वाईट माणूस नाही. बाबांच्या आजारपणात ते अकोल्याला सोबत होते. पण त्यांना वाटत होतं की टोळी आता त्यांच्याकडे यावी, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

"वहिनी," काका म्हणाले, "टोळी मी पाह्यतो. मालकाशी बोलनं, वावर पाह्यनं, हे बायाचं काम नोहे. आन आता दादाचा इळा कमी झाला. पोरीले कॉलेज कायले पायजे? तिले घ्या कायमची संगं."

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "टोळी मी नेतो," ती म्हणाली.

"तुमी?"

"हाव. यंदा मीच नेतो. पोरगी दसऱ्यापावतर संगं राहीन, दसऱ्यानंतर तिची परीक्षा हाय, तवा जाईन."

"आन कोन्या मालकाची तक्रार आली तर?"

मायनं तांदळातला खडा बाजूला टाकला. "तर टोळी तुमची. आन पोरगी इळ्यावर."

हे तिनं सगळ्यांसमोर म्हटलं. मी दारात उभी होते. मला कुणी विचारलं नाही. काकांनी मान डोलावली. एक तक्रार. हिशोब सगळ्यांना समजला.

पहिली दोन वावरं नीट झाली. माय मालकांशी कमी बोलायची आणि फेरा मारून घ्यायची. ते मालक म्हातारे होते, त्यांना काही वाटलं नाही. तिसरं वावर रिठदच्या पुढे एका खेड्याच्या शिवारात होतं. तिथं दोन भाऊ होते. बापाची जमीन दोघांत वाटली गेली होती, मधे धुरा होता. होता म्हणजे पूर्वी. थोरल्यानं एका वर्षी नांगरताना आपल्या बाजूनं थोडा कोरला, धाकट्यानं पुढच्या वर्षी त्याच्या बाजूनं. असं करत करत धुरा दोन्हीकडून खाऊन टाकला होता. दोन्ही वावरं एकाला एक लागलेली, दोन्हींत सोयाबीन, दोन्ही पिवळी. वावरांच्या मधल्या अंगाला दोन बाभळी तेवढ्या राहिल्या होत्या. आम्हाला बोलावलं होतं थोरल्यानं. दोघा भावांत बोलणं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

थोरला संध्याकाळी मोटारसायकलवर आला. गाडी बंद न करताच रस्त्यावरून बोलत होता. पन्नाशीचा असेल, मिशा काळ्या केलेल्या.

माय म्हणाली, "भाऊ, येक फेरा मारून घेऊ धुऱ्यानं. पाह्यलेलं बरं असते."

त्यानं मायकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यानं दोन माणसं गावाकडे चालली होती. मायच्या कपाळावर कुंकू नव्हतं. एका विधवेबरोबर वावराला फेरा मारत फिरायचं, हे त्याला जमणारं नव्हतं.

"अवो बाई, फेरा कायले?" तो म्हणाला. "त्या बाभळीपावतर माहं. सरळ सोंगत जा."

"बाभळी दोन दिसून राह्यल्या, भाऊ."

"मोठी, मोठी बाभूळ," तो म्हणाला आणि गेला.

काकू मागून म्हणाली, "तुह्यासंगं फेरा मारला असता तर गावात बँड लागला असता त्याच्या नावानं." दोन-तीन बाया हसल्या. माय हसली नाही. पण तिनं त्याला पुन्हा हाकही मारली नाही. तिलाही ते लाजिरवाणं वाटलं असेल. ती बाबांच्या जागी उभी होती, पण तिथं उभं राहायची सवय व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाल्याच्या अंगानं सुरुवात केली, कारण तिकडचं सोयाबीन जास्त वाळलं होतं. अजून नीट उजाडलं नव्हतं. दव होतं, धुकंही होतं थोडं. मायनं मोठ्या बाभळीचा नेम धरला आणि पात लावली. रस्त्यावरून पाहिलं तर एक बाभूळ मोठी दिसायची, कारण ती जवळ होती. नाल्याकडून पाहिलं तर दुसरी मोठी दिसायची. हे एवढंच झालं. यात कुणाची अक्कल कमी पडली असं मला अजूनही वाटत नाही.

वाकून सोंगताना माणसाला पुढचं वीतभर दिसतं. मूठ धरायची, इळा ओढायचा, टाकायचं. मी मायच्या शेजारी होते. कितीतरी वेळ फक्त इळ्यांचा खरखर आवाज येत होता. सूर्य वर आला आणि माय सरळ झाली. कमरेवर हात ठेवून ती मागं पाहायला लागली.

"तूर कुठी गेली वं?" ती म्हणाली.

आमच्याकडे सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीचं एक तास पेरतात. सोयाबीन निघालं की तूर उभी राहते. आम्ही जे सोंगत आलो होतो त्यात मागं तुरीच्या हिरव्या ओळी दिसत होत्या. आणि आम्ही उभे होतो तिथं तूर नव्हती. बऱ्याच मागं ती थांबली होती, म्हणजे थोरल्याचं वावर तिथंच संपलं होतं. पुढं सगळं नुसतं सोयाबीन, आणि ते आम्ही आडवं केलं होतं.

"थांबा," माय म्हणाली. "कोनी इळा लावू नका."

पात जागेवर थांबली. काकांनी इळा खाली ठेवला, बसले, पुडी काढली, तंबाखू-चुना हातावर घेतला आणि मळायला लागले.

"झालं," ते म्हणाले. "आली तक्रार."

ते फार वाईट आवाजात म्हणाले असं नाही. लाइन गेली, असं म्हणतात तसं म्हणाले. मला कळलं की माझं कॉलेज तिथं, त्या तूर नसलेल्या जागेवर संपलं. मी मोज्यात शिरलेली शेंग काढत होते. ती निघत नव्हती. मी तेच करत राहिले.

धाकटा भाऊ थोड्या वेळानं आला. त्याचा गोठा पलीकडच्या टोकाला होता, तिथून त्यानं पाहिलं असणार. धिप्पाड माणूस, डोक्याला टॉवेल. तो आडव्या पडलेल्या सोयाबीनमध्ये येऊन उभा राहिला.

"हे कोनं सोंगलं?"

"आमी," माय म्हणाली.

"कोनाच्या सांगन्यानं?"

"कोनाच्याच नाही, भाऊ. चुकलं."

"चुकलं!" तो म्हणाला. "दहा वर्सं झाले आमाले या धुऱ्यासाठी भांडता भांडता, आन तुमी येका सकाळीत निकाल लावून टाकला! त्यानंच लावलं असन तुमाले."

कुणीतरी फोन केला असावा, कारण थोरलाही मोटारसायकल उडवत आला. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, म्हणून दोघंही मायशीच बोलायला लागले, मान मायकडे आणि आवाज भावाकडे.

"मी मोठी बाभूळ सांगतली व्हती!"

"विचारा याले, मोठी बाभूळ कोनाची हाय? माही हाय!"

"तुही लहान हाय! मोठी माही!"

"आना मोजाले कोनी. बुंध्याले दोरी लावा. आत्ताच लावा!"

काकूनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मला दिसलं नाही. दोघं खरंच बाभळीपर्यंत गेले, थोरल्यानं कवेत धरून बुंधा मोजला, मग धाकट्यानं दुसरीला मिठी मारली. एवढे मोठे दोन बाप्ये, एकेका बाभळीला मिठी मारून उभे. काटे लागल्यामुळे दोघंही लवकर सुटले.

मग प्रश्न आला की सोंगलेल्याचं काय करायचं. थोरला म्हणाला, "दुसऱ्याच्या वावरातला दाना मी माह्या सुडीत घेनार नाही. उद्या हाच मले चोर म्हनन." धाकटा म्हणाला, "मी सोंगाले सांगतलं नाही. मी हात लावनार नाही. जसं उभं व्हतं तसं उभं करून द्या मले."

"सोंगलेलं उभं कसं करू, भाऊ?" माय म्हणाली.

"ते मले नाही माईत."

असं बोलून दोघं दोन दिशांना गेले. आम्ही उरलेलं थोरल्याचं सोंगलं. दुपारी भाकरी खाताना काका म्हणाले, "वहिनी, बोलनं झालं ते झालं. मी काई जास्तीचं मागून नाही राह्यलो."

"मी कुठी नाही म्हनलं," माय म्हणाली. "पन पाल उठेपावतर टोळी माही हाय."

काका म्हणाले, "बरं."

आणि मग आभाळ आलं. नाल्याच्या अंगाला काळं झालं, वारा पडला, गरम व्हायला लागलं. परतीचा पाऊस असाच येतो. थोरल्याची सुडी आम्ही रचली होती आणि त्यानं दिलेली ताडपत्री तिच्यावर टाकली होती. धाकट्याच्या वावरातलं मात्र सोंगलं तसं पसरलेलं होतं. सोंगलेलं सोयाबीन भिजलं आणि वर ऊन पडलं की दाण्याला कोंब येतात. मग ते कुणाच्याच कामाचं नाही.

"उचला सगळं," माय म्हणाली.

"कोनाच्या सुडीत टाकतं?" काकांनी विचारलं.

"कोनाच्याच नाही. मधात रचा. जथी तूर संपते तथी."

"आपल्याले काय करायचं हाय? दोघं नाही म्हनून राह्यले."

"भिजलं तर दोघंबी आपल्यालेच धरतीन," माय म्हणाली. "चाला."

आम्ही उचललं. धावत उचललं. धुरा जिथं असायला पाहिजे होता साधारण तिथं तिसरी सुडी उभी राहिली. तिच्यावर टाकायला ताडपत्री नव्हती. माय पालाकडे गेली. आधी पिठाचा डबा बाहेर काढला, मग माझी कॉलेजची बॅग, मग अंथरूण. मग ती बांबूच्या गाठी सोडायला लागली.

काकू म्हणाली, "अवं बाई! आन आपन कुठी जावं?"

"भिजू," माय म्हणाली. "आपल्याले कोंब येत नाही."

मी एक बाजू धरली, तिनं एक. दुसऱ्या दोन बाजू धरायला काही क्षण कुणी पुढं आलं नाही. मग काका उठले. तोंडातली तंबाखू थुंकले आणि तिसरा कोपरा धरला. चौथा काकूनं. डबा, बॅग, अंथरूण सगळं सुडीच्या पोटात सोयाबीनखाली ढकललं. ताडपत्री पुरी पडली नाही. एका बाजूला हातभर उघडंच राहिलं, तिथं खताची रिकामी पोती लावली.

पाऊस आला तो मोठा आला. बाभळीखाली जायचं नाही, वीज पडते, असं मायनं सांगितलं. खताच्या पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन आम्ही उघड्यावर बसलो. वाऱ्यानं ताडपत्री उचलायला लागली, दगड पुरेनात. मग माय जाऊन एका कोपऱ्यावर बसली. मी दुसऱ्यावर बसले, तिसऱ्यावर काकू. पाणी मानेवरून आत शिरत होतं, पाठीवरून खाली जात होतं, एवढं मला कळत होतं. बाकी काही वाटत नव्हतं. त्या वर्षी असंच होतं. मी फक्त कोपरा दाबून बसले होते.

धाकटा त्याच्या गोठ्याच्या दारात उभा होता. तिथून ओरडला, "अवो, इकडं या ना! कायले भिजून राह्यल्या?"

माय ओरडून म्हणाली, "ताडपत्री उडन!"

मग तो डोक्यावर पोतं घेऊन चिखलातून आला, चौथ्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि त्यावर जाऊन बसला. चार कोपऱ्यांवर चार जण आणि मधे ते सोयाबीन, असे आम्ही पाऊस थांबेपर्यंत बसलो. काका आणि बाकीचे थोरल्याच्या सुडीच्या आडोशाला होते.

पाऊस थांबल्यावर थोरला आला, तर त्याची मोटारसायकल चिखलात रुतली. चाकात काळी माती भरली, गाडी ना पुढं ना मागं. धाकटा कोपऱ्यावरून उठला, हात झटकले आणि मायला म्हणाला, "सांगा त्याले, मोठ्या बाभळीले दोर बांधून वढ म्हना." आमच्यातल्या दोघांतिघांनी जाऊन गाडी काढून दिली. त्यात धाकटा नव्हता.

त्या दिवशी आमचं सगळं बिऱ्हाड धाकट्याच्या गोठ्यात होतं. ओले कपडे दावणीला वाळत घातले. त्यानं चुलीसाठी कोरडी लाकडं दिली, गेल्या वर्षीच्या तुरीच्या काड्या दिल्या. दूध घ्या म्हणाला, मायनं चहापुरतं घेतलं. पीठ कोरडं राहिलं होतं. माझी बॅगही.

सकाळी कडक ऊन पडलं. मधल्या सुडीची उघडी राहिलेली बाजू भिजली होती, तेवढं आम्ही पसरून वाळवलं. बाकीचं ठीक होतं. धाकटा आला, सुडीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला, एक शेंग फोडून दाणा दाताखाली धरला. मग मायला म्हणाला, "माहं बाकीचं बी सोंगून द्या."

माय म्हणाली, "फेरा मारून दाखवा. तवाच इळा लावीन."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. रस्त्यानं कुणी जात होतं की नाही ते मला आठवत नाही. तो म्हणाला, "चाला."

तो पुढं, त्याच्यामागं माय, आणि दोघांच्या मधे काकू. काकू आपणहून मधे शिरली. "मी बी येतो, मले बी पाह्यचं हाय," म्हणाली आणि सगळ्या वावराला त्या दोघांच्या मधे चालत राहिली. तूर संपते त्या जागी आल्यावर धाकटा थांबला आणि पायानं माती उकरून म्हणाला, "इथं." थोरला त्याच्या वावरातून पाहत होता. आडवा आला नाही, कबूल आहे असंही म्हणाला नाही. त्यांचं पुढं काय झालं मला माहीत नाही. आम्ही तिथं भांडण मिटवायला गेलो नव्हतो.

थोरल्यानं गुत्त्याप्रमाणे दिलं. तक्रार कुणाचीच उरली नाही. धाकट्यानं तर आम्हाला काम दिलं. त्याचं वावर सोंगायला सुरुवात झाली त्या दिवशी दुपारी काका मायजवळ येऊन बसले. इळ्याची धार अंगठ्यानं पाहत राहिले.

"पोरीले कवा पाठवतं?" त्यांनी विचारलं. जणू बसची वेळ विचारत होते.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"रिठदपावतर मी सोडून देतो गाडीनं. चिखल हाय."

"बरं," माय म्हणाली.

एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. काका अजून टोळीत आहेत, आणि कुणी नवीन मालक बाईला पाहून काचकूच करायला लागला की तेच म्हणतात, "बाईसंगं बोला, टोळी त्यांची हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिठदहून बसनं वाशीमला गेले. हात काळे होते. सोयाबीनचा रंग साबणानं निघत नाही, आपला आपण जातो. प्रयोगशाळेत शेजारची मुलगी माझ्या हातांकडे पाहत होती, तिला मी सांगितलं सोंगणीचे आहेत, आणि परीक्षानळी धरली. तिसऱ्या वर्षीही सोंगणीला मी टोळीत होते, पालात होते. परीक्षेला कॉलेजात होते.

बाबांसाठी मी रडले की नाही, कधी रडले, हे मला सांगता येणार नाही. ते आलं असेल तर हळूहळू आलं. त्याचा एक दिवस नाही.

माय आज चार टोळ्यांच्या बरोबरीचं काम एका टोळीनं घेते. मी बी.एस्सी. पूर्ण केलं, पहिल्या वर्गात. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली आहे.